राव काकांचं ऊन पाणी

चेन्नईत राहणाऱ्या माणसाला अंघोळीला गरम पाणी लागतं, यावर इचलकरंजीच्या आमच्या घरात कुणाचा कधी विश्वास बसला नाही. "तिथं नळालाच उकळतं पाणी येत असेल की," असं आई फोनवर म्हणायची. एप्रिल-मेमध्ये ते खरंही होतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका द्यायचं आणि बादली भरून निवत ठेवावी लागायची. पण डिसेंबर लागला, की आमच्या पेरुंगुडीच्या इमारतीतली वडीलधारी मंडळी कानटोप्या चढवून, मफलर गुंडाळून अशी काही फिरायची, की बाहेरच्या माणसाला वाटावं, ही आत्ताच बद्रीनाथहून उतरली. या मंडळींची, त्यांच्या गुडघ्यांची, शाळेच्या पोरांची आणि सकाळची बस गाठणाऱ्या माझ्यासारख्यांची, सगळ्यांची पहाट एका माणसाच्या हातात होती. त्यांचं नाव व्यंकोबा राव. सगळी इमारत त्यांना राव सर म्हणे. मी राव काका म्हणत असे, कारण ते माझ्याशी मराठीत बोलत.

मराठी म्हणजे त्यांची मराठी. त्यांचे कुणी पूर्वज तंजावरच्या राजांकडे कारकुनीला म्हणून गेले ते तिकडचेच झाले. भाषा मात्र घरात राहिली, बाहेरचं वारं न लागता. त्यात मधेमधे तमिळ शब्द येत आणि वाक्याचा हेल तर सगळा तमिळच. मी दोन हजार सहाच्या सुमारास सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले आणि त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटीच भाड्यानं राहायला आले. पहिल्याच पहाटे भिंतीवरचा इंटरकॉम खणखणला.

"ऊन पाणी आलं. घेऊन टाक. तुझ्या पाठी तिसरा मजला आहे."

"कोण बोलतंय?"

"राव. दुसरा मजला. तू मराठी म्हणून वॉचमन सांगितला."

'ऊन पाणी' हा शब्द मी पणजीनंतर पहिल्यांदाच ऐकत होते. परक्या गावात, अंधारात, अनोळखी माणसाच्या तोंडून तो ऐकला आणि मला एकदम रडू आलं. मग मी मुकाट्यानं जाऊन अंघोळ केली. पाणी खरंच छान कढत होतं.

ही पाण्याच्या पाळीची भानगड हळूहळू कळली. बिल्डरनं ती इमारत मुळात कुठल्याशा कंपनीचं गेस्ट हाऊस म्हणून बांधली होती. कंपनीनं पाठ फिरवल्यावर तिचे फ्लॅट पाडून विकले. त्यामुळे घरोघरी गीझर नव्हते. पार्किंगच्या मागे एक खोली, तिच्यात गॅसवर चालणारा बॉयलर, शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात सिलिंडरची रांग, आणि तिथून सगळ्या बाथरूममध्ये नळ. गेस्ट हाऊसच्या मानानं ते ठीक होतं. कुटुंबं राहायला आली तेव्हा बॉयलर पुरेना. दोन घरांनी एकाच वेळी नळ सोडला, की तिसऱ्याच्या अंगावर गार पाणी. रोज सकाळी जिन्यात भांडणं होत. राव काका चेन्नईलगतच्या आवडी या गावी संरक्षण कारखान्यात बॉयलर हाऊसवर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. बायको आवडीच्या क्वार्टरमध्ये असतानाच गेली होती. मुलगी बंगळुरूला. एके दिवशी त्यांनी सेक्रेटरीकडून खोलीची किल्ली मागून घेतली. तेव्हापासून पहाटे बॉयलर पेटवणं आणि एकेका घराला इंटरकॉमवरून पाळी सांगणं हे त्यांचं काम झालं. कुणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुणी काढूनही घेऊ शकत नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं.

उंच माणूस, खांद्यात थोडा वाकलेला. कमरेला पांढरी वेष्टी आणि वर कारखान्यातला जुना खाकी शर्ट. त्या शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात तिथं यांचा थर्मामीटर. पोस्टमननं सहीसाठी पेन मागितलं, की ते आधी थर्मामीटर काढत, मग तो परत ठेवत आणि मग पेन नाही म्हणून सांगत. दर वेळी. बॉयलरच्या खोलीतून बाहेर पडताना ते तोंड बॉयलरकडे ठेवून उलटे चालत येत, देवळातून येतात तसे. मी एकदा हसले.

"हसू नक्को," ते म्हणाले. "आग पाहत असते आपल्याला. आपण पाठ केली की तिला राग येतो. आवडीला मी पाहिलं आहे."

"काय पाहिलंत?"

"पाठ केलेला माणूस," एवढंच म्हणून ते निघून गेले.

पाण्याच्या पाळीमुळे त्यांना सगळ्या इमारतीचं आतलं-बाहेरचं ठाऊक असे. कुणाची परीक्षा, कुणाची मुलाखत, कुणाला ताप, कुणाच्या मुलीला बघायला येणार आहेत, हे सगळं पाळी बदलून मागताना लोक सांगत. चौथ्या मजल्यावरचं एक जोडपं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हतं, हेही त्यांनाच आधी कळलं, कारण नवरा आणि बायको दोघांचे पाळीसाठी वेगवेगळे फोन येऊ लागले. काका दोघांनाही लागोपाठची पाळी देत. "एकाच बाथरूमच्या दारात उभं राहिले की बोलतील," असं त्यांचं म्हणणं. बोलले की नाही कोण जाणे, पण पुढं फोन एकच येऊ लागला एवढं खरं. इतक्या घरांचं इतकं माहीत असून ते कुणाच्या घरी जाऊन बसत नसत. कुणी त्यांच्याकडे येऊन बसत नसे. त्यांची सगळी माणसं त्या इंटरकॉमच्या आत राहत होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या सुब्रमणियनांची म्हातारी आई वारली तेव्हाची गोष्ट. मंडळी स्मशानातून परतली ती भर दुपारी. बॉयलर सकाळीच बंद व्हायचा. बायका बादल्यांतून गार पाणी काढून ठेवत होत्या, आणि एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की नळाला कढत पाणी येतंय. इमारतीतल्या प्रत्येक घरात येत होतं, पाळी नाही, काही नाही. मी खाली गेले, तर राव काका त्या भट्टीसारख्या खोलीत घामानं निथळत बसलेले. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं.

"काका, अशा उन्हात गार पाणी चाललं असतं की."

"चाललं असतं," ते म्हणाले. "पण आई गेली म्हणजे माणसाला थंडी वाजते. सुब्रमणियन लाजून मागणार नाही."

सुब्रमणियननी मागितलं नव्हतं आणि नंतर कधी त्याबद्दल बोललेही नाहीत. पण त्या दिवशी ते अंघोळीला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं.

आता कॉफीचं सांगायला हवं. राव काका 'कापी' म्हणत. पहाटे बॉयलर पेटवून वर आले, की स्वतःच्या हातानं फिल्टरमध्ये डिकॉक्शन उतरवून प्यायची, हा त्यांचा एकुलता एक शौक. मुख्य रस्त्यावरच्या ज्या दुकानातून ते वर्षानुवर्षं पूड दळून आणत, त्या दुकानदाराशी त्यांचं एक दिवस कडाक्याचं वाजलं. "तू अर्धी चिकोरी घालतोस, कापीला वास नाही," असा काकांचा आरोप. दुकानदारानं बिचाऱ्यानं त्यांच्यासमोर बिया भाजल्या, दळल्या आणि ताजी पूड थेट त्यांच्या नाकाखाली धरली. काका म्हणाले, बियाच जुन्या. मग दुसरं दुकान झालं, तिसरं झालं. शेवटी एका शनिवारी ते मला घेऊन दोन बस बदलून मैलापूरला गेले. तिथलं दुकान गल्लीच्या तोंडापासूनच घमघमत होतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काकांनी पूड चिमटीत घेतली, हुंगली आणि खाली टाकली.

"या गावात आता कोणी खरी कापी विकत नाही," ते म्हणाले. म्हातारा फार चिकित्सक झालाय, असं मला वाटलं आणि गंमतही वाटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. मला ऑफिसात लवकर पोचायचं होतं म्हणून पाळीची वाट न पाहता मी खाली उतरले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गॅसचा उग्र वास नाकात शिरला. बॉयलरच्या खोलीचं दार उघडं होतं, आत राव काका वाकून उभे होते आणि हातात पेटवायची लांब दांडी.

"काका, पेटवू नका. गॅसचा वास येतोय."

ते वळले. "कोठें?"

"इथं. सगळीकडे. तुम्हाला येत नाही?"

माझ्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. मी चुकत असेन अशी शंकासुद्धा त्यांनी घेतली नाही. दांडी खाली ठेवली, पिंजऱ्यातले सगळे कॉक एकामागून एक बंद केले, वॉचमनला गेटबाहेर पिटाळलं, मला रस्त्यापलीकडे उभं केलं आणि खोलीची दारं-खिडक्या सताड उघडली. एका नळीचा जोड ढिला झाला होता. गॅस उडून जाईपर्यंत ते कुणाला आत येऊ देईनात. मग पार्किंगच्या कठड्यावर येऊन बसले.

"पुष्कळ वास होता, की थोडा?"

खोटं सांगावंसं वाटत होतं. पण त्यांच्यापुढे ते जमलं नसतं. "पुष्कळ होता काका. जिन्यापर्यंत."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्या कापीवाल्याला मी उगाच बोललों."

दुसऱ्या दिवशी ते त्या पहिल्या दुकानात गेले. दुकानदाराची चारचौघांत माफी मागितली आणि पूड घेऊन आले. तीच पूड पुढं ते पीत राहिले. वास येत नसला, तरी कढत असते ना, म्हणायचे.

त्या आठवड्यात त्यांनी मला जे सांगितलं, ते मी विसरू शकत नाही. आम्ही गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होतो. ते म्हणाले, "बॉयलर काढला तर मी काय करणार, ते मज माहीत नाही. बॉयलर ठेवला तर काय होईल, ते माहीत आहे. म्हणून काढायचा."

"वॉचमनला शिकवा ना पेटवायला."

"वॉचमन दर सहा महिन्यांनी नवा. आणि मी खाली उतरल्याशिवाय राहणार नाही. स्वतःला मी ओळखतों."

असोसिएशनची मीटिंग पार्किंगमध्येच भरली. काकांनी कोइमतूरहून एका इंजिनियरला बोलावून घेतलं होतं. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं, की हीट पंप नावाचं एक यंत्र गच्चीवर बसवायचं. ते बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घेतं आणि पाण्यात सोडतं, फ्रिज उलटा केल्यासारखं. पेटवायचं काही नाही, गॅस नाही, ज्योत नाही. पाणी सावकाश तापतं, म्हणून टाकी मोठी ठेवायची. ती थर्मासच्या बाटलीसारखी जाडजूड गुंडाळलेली असल्यानं पाणी रात्रंदिवस गरम राहतं आणि वीज गेली तरी लगेच निवत नाही.

"मद्रासला आणखी कशाचाही तुटवडा असेल, उष्म्याचा नाही," काका म्हणाले. लोक हसले.

पण हसून संमती मिळत नाही. सुब्रमणियन उठले. इतकी वर्षं बॉयलर नीट चाललाय, राव सर आहेत, मग हा खटाटोप कशाला, असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच माना डोलल्या. तुमच्याइतकं कुणाला जमणार, असं कौतुकही कुणी केलं. मला वाटलं, काका आता विरघळतील. इतकं सगळं त्यांच्याबद्दल कुणी कधी समोरासमोर बोललेलं नव्हतं. ते उभे राहिले, आणि तमिळमध्ये म्हणाले, "एनक्कु मूक्कु पोच्चु." माझं नाक गेलं.

पुन्हा हशा झाला. ही काकांची नवी गंमत असं लोकांना वाटलं. ते हशा संपायची वाट पाहत उभे राहिले आणि मग त्या सकाळचं सगळं सांगितलं, काही न वगळता, त्यांच्या हातातल्या दांडीसकट. लहान मुलांच्या आयांनी मुलं जवळ ओढली. त्यानंतर कुणी वाद घातला नाही, आणि कुणी कौतुकही केलं नाही. इतक्या वर्षांचा विश्वास त्यांनी स्वतःच्या हातानं पाच मिनिटांत मोडला. ते धैर्य माझ्यात नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

सिलिंडर उचलून न्यायला माणसं आली, त्या दिवशी काका शेवटी एकटेच खोलीत गेले. बॉयलर थंडगार. तरीही ते उलटे चालतच बाहेर आले, आणि किल्ली सेक्रेटरीच्या हातात दिली.

यंत्र उत्तम चाललं. पहिल्या पहाटे सवयीप्रमाणे माझा इंटरकॉम वाजला. "ऊन पाणी," काका म्हणाले, आणि थांबले. "आहेच. रात्रीपासून आहे."

"हो काका. बघितलं मी."

"सरि," ते म्हणाले, म्हणजे बरं. मग फोन ठेवला. त्यानंतर पहाटेचा फोन कधी आला नाही.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोक हवं तेव्हा उठत, नळ सोडत, अंघोळ करत. जिन्यात भांडणं उरली नाहीत. पाळी गेली आणि पाळीबरोबर परीक्षा, ताप, मुलाखती, सगळ्याच बातम्या काकांच्या घरी यायच्या थांबल्या. सुब्रमणियन जिन्यात भेटले की प्रेमानं म्हणत, "राव सर, आता तुम्ही आराम करा." काकांनी दुसरी कामं करून पाहिली. पार्किंगच्या जागा आखून दिल्या, तर लोक वैतागले. कुंड्यांना पाणी घालू लागले, तर झाडं कुजली. आगीशी वागायची सवय असलेला माणूस, त्याला गुलाबाशी कसं वागावं कळेना. जुने मालक एकेक करून फ्लॅट भाड्यानं देऊन निघून गेले. त्यांच्या जागी माझ्यासारखी पोरं आली. त्यांना वाटे, हा खाकी शर्टातला म्हातारा देखभालीच्या कंपनीचा माणूस असावा. एकानं तर केबल बंद पडली म्हणून त्यांना बोलावलं. काका गेले, टीव्हीच्या मागे डोकावून आले आणि त्या पोराच्या घरी पंधरा मिनिटं बसायला मिळालं म्हणून दिवसभर खुशीत होते.

तो हीट पंप ऊब ओढून घेतो आणि गार हवा बाहेर फेकतो. मे महिन्यात काका खुर्ची घेऊन त्या गार झोतासमोर पेपर वाचत बसत. मी कधी सुटीच्या दिवशी वर गेले, की मलाही तिथं बसवून घेत. यंत्राची घरघर चालू असे. ते मधेच उठून टाकीवरची तापमानाची तबकडी पाहून येत.

"आमची गरज नाही याला," एकदा ते म्हणाले.

"तेच तर पाहिजे होतं ना तुम्हाला?"

"तेच पाहिजे होतं," ते म्हणाले, आणि पेपरचं पान उलटलं. एखाद्या माणसाची गरज आहे, हे त्याला खोटं खोटं भासवता येत नाही. निदान राव काकांना तरी नाही.

पुढच्या पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, मुलगी येऊन त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. मी त्या दिवशी ऑफिसात होते. काही वर्षांनी, मी पुण्याला परतल्यावर, ते गेल्याचं सुब्रमणियनांच्या बायकोकडून कळलं. तेव्हा मला डोळ्यांपुढं दिसली ती त्यांची इमारतीतली शेवटची दिवाळी.

चेन्नईतल्या माझ्या सगळ्या दिवाळ्या इचलकरंजीला व्हायच्या. त्या वर्षी कामामुळे रजा मिळाली नाही. तिकडे दीपावली म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीचा तोच एक दिवस, आणि पहाटेचं तेल लावून कढत पाण्यानं केलेलं स्नान हाच त्याचा गाभा. इमारतीत सगळे एकाच वेळी अंघोळ करणार आणि यंत्र पडलं सावकाश तापवणारं. काकांना इतक्या महिन्यांनी काळजी करायला कारण मिळालं. आदल्या दिवशी ते मजल्यामजल्यावर जाऊन सांगत फिरले, थांबून थांबून नळ सोडा, पाणी गार आलं तर मला फोन करा. दार उघडणारी पोरं हो हो म्हणाली. त्यातली बरीचशी संध्याकाळच्या बसनं आपापल्या गावी गेली. हिशोबात नेमकं एवढंच राव काकांनी धरलं नव्हतं. त्यांच्या डोक्यातली इमारत अजून भरलेली होती.

पहाटे फटाक्यांनी मला जाग आली. घरून आणलेलं तेल स्वतःच डोक्याला थापलं, उटणं लावलं, अंघोळ उरकली. मग वाटलं, काकांना नमस्कार करून यावं. घरी कुलूप होतं, म्हणून गच्चीवर गेले. पावसाची बुरबुर नुकतीच थांबली होती आणि लांबवर आकाशात बाण उडत होते. काका टाकीजवळ खुर्चीवर बसले होते, मांडीवर मोबाइल. केस कोरडे, शर्ट कालचाच.

"कोणाचं पाणी गार आलं?" मला पाहताच त्यांनी विचारलं.

"कुणाचंच नाही. माझंही कढत होतं. सुब्रमणियनांकडे तर सगळ्यांच्या अंघोळी होऊन पोरं खाली फटाके उडवतायत."

"सगळ्यांना मिळालं?"

"सगळ्यांना."

त्यांनी तबकडीकडे पाहिलं. टाकीतलं पाणी अजून चांगलं कढत होतं. ते हसले, पण ते हसू त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"मग तुम्ही जा आता अंघोळीला," मी म्हटलं. "सणाचं पारोसं का बसायचं?"

"तेल घालायला कोण आहे?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. "आमच्या घरात आपलं तेल आपण घालून घ्यायचं नाही, या दिवशी. घरातलं कोणी घालतं."

मी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला असलं काही सुचलंही नव्हतं. "मग दरवर्षी काय करत होता?"

"दरवर्षी बॉयलर होता," ते म्हणाले.

मला समजायला थोडा वेळ लागला. सगळी इमारत न्हाऊन माखून नवे कपडे घालून बाहेर पडेपर्यंत हा माणूस खाली आगीसमोर उभा असे, आणि राव सर, तुमचं स्नान झालं का, असं विचारायचं कुणाला कारणच पडत नसे. त्यालाही उत्तर द्यायचं कारण पडत नसे. बायको गेल्यापासूनची सगळी वर्षं त्यांनी अशी त्या खोलीत काढली होती. आता ती आडोशाची खोली राहिली नव्हती.

"आमच्याकडे आई लावते, बायको लावते, बहीण लावते," मी म्हणाले. "लेकीनं लावलं तर चालतं का तुमच्यात?"

ते विचारात पडले. खरोखरच आठवून पाहत होते. "चालत असेल. विचारायला मोठं कोणी उरलं नाही."

मी खाली जाऊन तेलाची वाटी कोमट करून आणली. ते खुर्चीवरून उठून जमिनीवर पूर्वेकडे तोंड करून बसले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि मान खाली घातली. त्यांचं डोकं मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. केस विरळ, आणि टाळू तान्ह्या मुलासारखी ऊबदार. मी तेल जिरवत राहिले. नंतर त्यांनी हात वर करून माझं मनगट हळूच धरलं आणि म्हणाले, "पुरे, पोरी."

ते जिना उतरून गेले. मी तिथंच उभी राहिले. गच्चीवरून घरांच्या एकेका उभ्या ओळीत उतरणाऱ्या पाइपाला एकेक पितळी कॉक होता. काकांच्या ओळीतल्या वरच्या-खालच्या घरांना कुलपं होती, त्यामुळे त्या पाइपातलं पाणी आता फक्त त्यांचंच असणार होतं. मी त्या कॉकवर तळवा ठेवला. पितळ थंड होतं. बराच वेळ थंडच राहिलं. खाली पोरांनी लवंगी माळ लावली, ती वाजून संपली, धूर वर आला. काका काय करत असतील, नुसतेच बसून राहिले असतील का, जाऊन दार वाजवावं का, असं माझ्या मनात येत होतं. आणि मग पाइपातून सळसळ ऐकू आली. पितळ कोमट झालं, मग गरम झालं, मग इतकं कढत झालं, की मला हात काढून घ्यावा लागला.